निळ्या बाटलीतलं पाणी

नायगाव पूर्व,
ता. १२ जानेवारी २०२५

क्रिस्टिना बाय,

तुझं नाताळचं पत्र मिळालं. जेसनला दिवसपाळी लागली हे वाचून बरं वाटलं. नाशिकची थंडी त्याला मानवली, पण तुला मानवत नाही असं दिसतं. परवा तू व्हिडिओवर फोन केलास. मी अर्धा तास बडबडलो आणि शेवटी तू विचारलंस, "दादा, जेवलास का?" तेव्हा कळलं की तुला एक अक्षरही ऐकू आलेलं नाही. कानाचं यंत्र डबीत ठेवायला घेतलंस का? असो. मी मस्कतला असताना तीस वर्षं आपण पत्रांवरच काढली, आता म्हातारपणीही तेच करू.

माझी बातमी म्हणशील तर बाटल्यांची. तुझ्या वहिनीला, मालूला विचारलंस तर ती सांगेल की तुझ्या भावाला वेड लागलंय. चौदाव्या मजल्यावर फ्लॅट घेतला आणि बाल्कनीत कपडे वाळत घालायला जागा नाही, कारण तिथे माझ्या बाटल्या मांडलेल्या. पण मस्कतच्या सरबताच्या कारखान्यात उभी हयात बाटल्या तपासण्यात गेली, आता हात स्वस्थ बसत नाहीत, त्याला मी काय करू?

गेल्या मंगळवारी कामणला संग्रामच्या गोदामात गेलो होतो. या संग्रामचा भंगाराचा धंदा आहे. पाडलेल्या घरांतलं सामान त्याच्याकडे येतं. जगाला तो काच किलोवर विकतो आणि मला नगावर, कारण माझा चेहरा त्याला वाचता येतो. त्याच्याकडून एक खोकं उचललं. त्यात गोटीवाली सोड्याची बाटली निघाली, दोन शाईच्या दौती निघाल्या, आणि एक चीज निघाली ती पुढे सांगतो.

बाटली जुनी की नवी हे लेबलावरून ठरवायचं नसतं, लेबल कोणीही चिकटवतो. बाटलीच्या कडेवरून बोट फिरवायचं. साच्याचे दोन भाग जिथे जुळतात तिथे बारीक रेघ असते. ती रेघ थेट तोंडावर चढली असेल तर बाटली यंत्राची, म्हणजे अलीकडची. गळ्याशीच संपली असेल तर तोंड नंतर कारागिरानं हातानं बसवलेलं, म्हणजे बाटली शंभरीच्या पुढची समजायची. काचेत बुडबुडे हवेत, बूड थोडं वाकडं हवं. मालू म्हणते, असली वाकडी बाटली दुकानदारानं दिली असती तर मी त्याच्या तोंडावर परत मारली असती.

तर ती चीज. गडद निळी, सहा बाजूंची, तीन बाजूंवर उभ्या धारा. अंगावर उठावाची इंग्रजी अक्षरं आहेत, झिजलेली, पण वाचता येतात. अर्थ असा की आतलं पोटात घेऊ नये. ही विषाची बाटली आहे. पूर्वी दवाखान्यांत जालीम औषधं अशा बाटलीत ठेवत. अंधारात हात गेला तरी धारा बोचाव्यात आणि माणसानं ती खाली ठेवावी, म्हणून ही युक्ती. गळ्याला कोणीतरी पितळी तारेचे तीन वेढे देऊन टांगायला कडी केली आहे. ती तार कापून टाकली की रूप खुलेल. तोंडाला एक टवका उडालेला आहे, नाहीतर आणखी भाव आला असता. गोखिवऱ्याचा अनुज म्हणून एक पोरगा जुन्या बाटल्यांची विक्री करतो, तो टवक्यासकट वीस हजार द्यायला तयार आहे. महिनाअखेरीस येतो म्हणाला. फोटो छापून सोबत पाठवतोय, तू भंगार म्हणशील हे माहीत असूनही.

तुझा,
डॉमनिकदादा

---

नाशिक,
ता. २० जानेवारी २०२५

डॉमनिकदादा,

जेसनकडून तुला मेसेज करवला तो मिळाला असेल. तार कापू नकोस, बाटली कोणाला देऊ नकोस, आईचं पत्र येतंय. त्यानं एवढंच लिहिलं, कारण त्याला मी अजून बाकीचं सांगितलेलं नाही.

दादा, ती आमच्या होडीची बाटली आहे.

तू ऑस्टिनशी माझं लग्न लावून परत गेलास, त्यामुळे तू ती कधी बघितली नाहीस. ऑस्टिनच्या आजोबांना ती कुठल्या कंपाउंडरनं दिलेली. पाचूबंदरच्या आमच्या घरात ईस्टरच्या आदल्या रात्री फादरांनी आशीर्वाद दिलेलं पाणी त्या बाटलीत भरायचं आणि ती होडीच्या पुढच्या नाळेला टांगायची, अशी पद्धत होती. होडी जुनी होऊन मोडली तरी बाटली नव्या होडीवर जायची. पाणी भरायचं काम घरच्या सुनेचं. लग्नानंतरच्या पहिल्याच ईस्टरला मी ती विहिरीच्या कट्ट्यावर आपटली. तो टवका माझा आहे. सासऱ्यांनी दुसऱ्या दिवशी गळ्याला तार बांधून दिली, म्हणजे सुनेच्या हातून पुन्हा सुटायला नको.

आणि तू लिहितोस विषाची बाटली. सासरे सांगायचे की ती अक्षरं लॅटिन आहेत, कुठल्या तरी संताची प्रार्थना आहे. घरात इंग्रजी कोणाला येत होतं? होडी पाण्यात ढकलण्याआधी आम्ही सगळे त्या अक्षरांचं चुंबन घ्यायचो. जेसन जन्मला तेव्हा त्यातलंच पाणी मी बोटानं त्याच्या जिभेला लावलं होतं.

पण मला जो धक्का बसला तो त्याचा नाही. ऑस्टिन गेला तेव्हा ती बाटली होडीवर होती. येत्या मे महिन्यात सव्वीस वर्षं होतील. खलाशी तापानं पडला म्हणून तो एकटाच गेला, सातपाटीच्या अंगाला जाळी टाकून दोन-तीन दिवसांत येतो म्हणाला. मग वादळ आलं, ते तीन दिवस हललं नाही. होडीची फळी मिळाली नाही, त्याचा सदरा मिळाला नाही. मी जेसनला खांद्यावर घेऊन रोज बंदरावर जायचे.

तुला सासूबाईंचा हट्ट ठाऊक आहे. त्या म्हणायच्या, "दर्यानं काय परत दिलं नाय, तवर माजा पोर जिता हाय." त्यांनी चर्चमध्ये मृतासाठीचा मिस्सा होऊ दिला नाही, दफनभूमीत क्रूस लावू दिला नाही. फादरांनी तीनदा विचारलं. सासूबाई गेल्यावर मला विचारलं, तेव्हा मीही नाहीच म्हटलं. मला विधवा म्हणून कुठलं कागदपत्रही कधी करवलं नाही.

बाटलीच्या बुडाखाली बघ. सासऱ्यांनी खिळ्यानं एक लहान क्रूस कोरलेला होता, त्याची उजवी भुजा जरा लांब झाली होती. तो असेल तर मला तसं लिही. नसेल तर तू वीस हजाराला खुशाल वीक, मी पुन्हा बोलणार नाही.

तुझी,
क्रिस्टिना

---

नायगाव पूर्व,
ता. २९ जानेवारी २०२५

प्रिय क्रिस्टिना,

क्रूस आहे. उजवी भुजा लांब आहे.

मी तो आधी बघितला होता, बाई. मला वाटलं, बाटली घासून कुठे तरी ओरखडे उठलेत, आणि टवक्याबरोबर त्याचेही पैसे कमी केले होते. तुझं पत्र वाचून बाटली उलटी केली आणि माझ्या तोंडचं पाणी पळालं. मालूनं हातातून ती काढून घेतली आणि अल्तारावर येशूच्या तसबिरीजवळ ठेवली. अनुजला नाही म्हणून कळवलं.

दुसऱ्याच दिवशी कामण गाठलं. संग्राम आधी टाळाटाळ करत होता, त्याला वाटलं मी चोरीचा माल म्हणून भांडायला आलोय. शेवटी म्हणाला, ते खोकं अर्नाळ्याच्या नथूच्या घरातलं. नथू नोव्हेंबरात वारला, मुलानं जुनं घर पाडायला काढलं आणि सगळं सामान एका टेम्पोत घालून दिलं. हा नथू मासेमारीच करायचा, ऑस्टिनपेक्षा आठ-दहा वर्षांनी मोठा. नाव तुझ्या कानावर असेल.

आता जे लिहितोय ते नीट बसून वाच. तू म्हणतेस बाटली होडीबरोबर गेली. होडी बुडाली असेल तर बाटली समुद्रात गेली असणार, आणि मग कधीतरी नथूच्या जाळ्यात आली असणार, असं मला आधी वाटलं. पण मी ती भिंगाखाली तास-दीड तास तपासली. समुद्रात पडून राहिलेली काच लपत नाही. वाळू घासून घासून ती आंधळी होते, तिची चमक जाते, कालव चिकटल्याच्या पांढऱ्या खुणा राहतात. ही बाटली आतून-बाहेरून लखलखीत आहे. धारांच्या कडा अजून हाताला बोचतात. पितळेची तार हिरवी पडलीय ती खाऱ्या वाऱ्यानं, पाण्यात ती कधीच झिजून गेली असती. मी बाकी कशात चुकेन, काचेत चुकणार नाही. ही बाटली समुद्राच्या तळाशी एक रात्रही नव्हती.

याचा अर्थ काय होतो ते तुझ्या लक्षात आलं का? ती होडीवर गेली, आणि बुडाली नाही. म्हणजे होडी कुठे तरी किनाऱ्याला लागली. नथूला माहीत होतं आणि तो सव्वीस वर्षं गप्प बसला. एक तर त्यानं ऑस्टिनचं काही वाईट केलं, नाहीतर ऑस्टिन कुठे उतरला हे त्याला ठाऊक होतं. तिसरं मला सुचत नाही. मला इतका संताप आलाय की मेलेल्या माणसाला कबरीतून उठवून जाब विचारावासा वाटतो. तो हिंदू, त्याला कबर नाही, हेही मला रागात सुचलं नाही, मालूनं सांगितलं.

पोलिसांत जाऊ का? तू सांगशील तसं करतो.

तुझा,
डॉमनिकदादा

---

नाशिक,
ता. ६ फेब्रुवारी २०२५

दादा,

पोलिसांत जाऊ नकोस. अर्नाळ्याला जा.

तुझं पत्र जेसननं फोडलं. टपालवाला त्याच्याच हातात देऊन गेला आणि मामाचं अक्षर बघून तो वाचत सुटला. मी स्वयंपाकघरात होते. तो येऊन उभा राहिला आणि मोठ्यानं, मला ऐकू येईल असं म्हणाला, "आई, पप्पा जिवंत आहेत?" शेजारच्या बाईनंही ऐकलं. दादा, त्या पोरानं बाप बघितलेला नाही. गेला तेव्हा हा चार महिन्यांचा होता.

त्या दिवसापासून घरात कोणी नीट जेवलेलं नाही. जेसननं गुजरातच्या बंदरांचे नंबर शोधून काढले, कोणाकोणाला फोन करतो, हिंदीत विचारतो. काल त्यानं काय केलं सांगू? आमच्या लग्नाच्या फोटोतला ऑस्टिन घेऊन मोबाईलवर त्याला म्हातारा केला. असं करता येतं म्हणे आता. केस पांढरे, गाल खाली आलेले, डोळ्यांखाली सुरकुत्या. "बघ, आता असे दिसत असतील." मी बघितलं आणि माझ्या हातातून मोबाईल खाली पडला. तो माझ्याकडेच बघत होता. आमचे सासरे म्हातारपणी असेच दिसायचे.

रात्री मी आरशासमोर उभी राहिले. मला लाज वाटली, पण तुला नाही सांगणार तर कोणाला? मी विचार करत होते की तो आला तर मला ओळखेल का.

आणि मग दुसरा विचार आला, तो काही डोक्यातून जात नाही. जिवंत असेल तर तो मला सोडून गेला. त्याची आई रोज दार उघडं ठेवून उंबऱ्यात बसायची, ती त्याच उंबऱ्यात म्हातारी झाली, आणि हा कुठे तरी दुसरीकडे जेवत होता, झोपत होता. मी इतकी वर्षं देवाकडे मागत आले की तो जिवंत असू दे. आता गुडघे टेकले की शब्द फुटत नाही. काय मागू? मेलेला असू दे म्हणून मागू?

तू काचेत चुकत नाहीस हे मला माहीत आहे. बाटली होडीवर होती यात मीही चुकत नाही, मी स्वतः ती नाळेला बांधली होती. मधलं काय ते नथूच्या घरी कळेल. त्याची बायको कृष्णाबाई, ती वसईच्या बाजारात बोंबील घेऊन बसायची. माझ्याशी कधी बोलली नाही. मी दिसले की टोपलीत खाली बघायची. मला वाटायचं, बाईला गर्व आहे.

तिला दरडावू नकोस. आणि ती जे सांगेल ते सगळं लिही. मला बरं वाटावं म्हणून गाळू नकोस, मला कमी वाईट वाटावं म्हणून बदलू नकोस. तू तसं करतोस, मस्कतहून स्वतःच्या ऑपरेशनचं सहा महिन्यांनी कळवलं होतंस.

क्रिस्टिना

---

नायगाव पूर्व,
ता. १८ फेब्रुवारी २०२५

प्रिय क्रिस्टिना,

काही गाळत नाही.

काल अर्नाळ्याला गेलो. नथूच्या घराच्या जागी नुसत्या विटा पडल्यात, कृष्णाबाई पुतण्याकडे राहतात. मी बाटली पिशवीतून काढली मात्र, आणि त्या बाईनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. मला वाटलं, पकडली गेली. पण ती रडत रडत म्हणाली, "गावली का? मी सगल्या गावात शोधत होते हिला." ती लेकीकडे गेलेली असताना मुलानं घर रिकामं केलं. देव्हाऱ्यातली बाटली भंगारात गेली हे तिला परत आल्यावर कळलं. मुलाला तर ती कोणाची, हेही माहीत नव्हतं.

होय, देव्हाऱ्यातली. एकवीरेच्या टाकाशेजारी ती बाटली सव्वीस वर्षं होती.

झालं ते असं. ऑस्टिन निघाला त्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी नथूची होडी त्याच भागात होती. जाळं ओढताना नथूच्या पोटरीत पाकट माशाचा विषारी काटा घुसला. ते विष किती जाळतं ते तुला मी सांगायला नको. तो गडाबडा लोळला, त्यात त्यांचा पाण्याचा कॅन कलंडला. बरोबरच्यांनी ऑस्टिनच्या होडीला हाक दिली. ऑस्टिनचंही पिण्याचं पाणी संपलेलं होतं. त्यानं नाळेची बाटली सोडली आणि त्यांच्या होडीत दिली. नथूनं बायकोला सांगितलेले शब्द मी तिच्याकडून दोनदा वदवून घेतले.

"हे घे, नथूदादा. थोडं पी, थोडं पायावर घाल. वाटेत लागेल, बाटली ऱ्हाऊ दे. रविवारी येऊन नेतो. पन माज्या घरी बोलू नको. होडीवरची बाटली दिली हे क्रिस्टिनाला कललं तर माजी खैर नाय."

सगळे हसले म्हणे. नथूसुद्धा, तेवढ्या कळांत. त्यानं शब्द दिला, नाही बोलणार, आणि मागाहून बरोबरच्यांनाही न बोलण्याची एकवीरेची शपथ घातली. ते त्याला घेऊन परत फिरले. चल म्हणाले, आभाळ बरं दिसत नाही. ऑस्टिन म्हणाला, एवढं जाळं उचलतो आणि निघतोच. त्याच रात्री वादळ सुरू झालं. त्यानंतर त्याला कोणी बघितलं नाही.

नथू पंधरा दिवस तापात होता. उठल्यावर लंगडत पाचूबंदरला आला, बाटली पिशवीत घालून. तुझी सासू उंबऱ्यात बसली होती. तिनं विचारलं, "नथू, तुला माजी होडी दिसली का रे?" तो "नाय" म्हणाला आणि परत गेला. महिन्याभरानं पुन्हा आला, तिनं पुन्हा तेच विचारलं. तिसऱ्यांदा त्याला पाऊल उचलवलं नाही. बाटली दाखवली तर ती माउली मुलगा गेला असं धरेल, हे त्याला ठाऊक होतं. शिवाय होडीची राखण आपण काढून घेतली आणि आपण जगलो, हे त्याच्या मनातून गेलं नाही. आणि ऑस्टिनला शब्द दिलेला. ऑस्टिन आल्यावरच तो सुटणार होता. कृष्णाबाई म्हणतात, त्या दर वर्षी सांगायच्या की जा, देऊन टाक. तो म्हणायचा, "रविवारी येतो बोललाय."

पाणी त्यानं कधी आटू दिलं नाही. दर ईस्टरला तो तुमचं चर्च सोडून लांबच्या कुठल्या तरी चर्चमध्ये जायचा, मागे उभा राहायचा आणि बाटली भरून आणायचा.

बाई, काचेबद्दल मी लिहिलं ते खरं होतं. पण त्यावरून मी जे बांधलं आणि तुला लिहून पाठवलं, त्यात माझी अक्कल गहाण पडली. बाटली एका हातातून दुसऱ्या हातात जाऊ शकते, एवढं साधं मला सुचलं नाही. मी एका मेलेल्या माणसाला खुनी ठरवलं आणि तुमच्या घरात ऑस्टिनला जिवंत केलं. जेसनला काय सांगू ते मला समजत नाही. तू मला दोन शब्द सुनाव, मला बरं वाटेल.

कृष्णाबाईंनी बाटली तुझ्याकडे पोचवायला सांगितलीय.

तुझा,
डॉमनिक

---

नाशिक,
ता. २५ फेब्रुवारी २०२५

दादा,

पत्र मी जेसनला मोठ्यानं वाचायला सांगितलं. कानाचं यंत्र लावलं, डबीतून काढून. ऑस्टिनच्या शब्दांपाशी तो थांबला, त्याला वाटलं मी कोसळेन. मला हसू आलं. माजी खैर नाय. तो असंच बोलायचा, दादा, चारचौघांत मला वाघीण करून टाकायचा. सव्वीस वर्षांत मी त्याचा आवाज विसरले होते. रोज आठवायचा प्रयत्न करायचे आणि यायचा नाही. तो जेसनच्या तोंडून आला.

मग मी रागावले. इतकी रागावले की जेसन घाबरून पाणी घेऊन आला. फोटोसमोर उभी राहून मी त्याला बोलले. एकटा गेलास कशाला? आभाळ दिसत नव्हतं का? नथूदादा चल म्हणत होते तर एका जाळ्यासाठी मागे राहिलास? आणि माझी भीती घातलीस त्या माणसाला, म्हणून तो बिचारा मरेपर्यंत बोलला नाही. मी रागावले असते का? असते. दोन दिवस त्याच्याशी बोलले नसते. तिसऱ्या दिवशी पापलेट तळून वाढलं असतं. एवढंच झालं असतं रे. एवढ्याला कोणी घाबरतं का?

संध्याकाळभर मी बोलत होते आणि बोलता बोलता माझ्या लक्षात आलं, इतक्या वर्षांत मी त्याच्यावर एकदाही रागावले नव्हते. ज्याची वाट बघतो त्याच्यावर रागवता येत नाही. तो नेमका तेव्हाच दारात आला तर, अशी भीती वाटते. काल मला ती भीती वाटली नाही. ऑस्टिन मेला, दादा. मी पहिल्यांदा हे लिहितेय. जेसननं तो म्हातारा केलेला फोटो पुसून टाकला, मी सांगितलं नव्हतं. तू त्याला काही सांगू नकोस, फक्त मिस्साच्या दिवशी त्याच्या शेजारी उभा राहा.

तुला दोन शब्द सुनावायचे तर हे. तू त्या बाटलीमागे लागला नसतास तर मी वाट बघत मेले असते, सासूबाईंसारखी. तेव्हा अक्कल कुठे गहाण ठेवली असशील ती सोडवून आण आणि कामाला लाग.

फादरांना भेट. ऑस्टिनसाठी मिस्सा हवा आणि दफनभूमीत सासूबाईंच्या शेजारी क्रूस हवा. त्या म्हणायच्या, दर्यानं काहीतरी परत दिलं पाहिजे. दर्यानं काही दिलं नाही. ऑस्टिननं आपल्या हातानं दिलं, ते आलं, मला तेवढं पुरे.

बाटली मला नको. ती नथूदादांच्या घरी रविवारपर्यंत ठेवायला दिली होती आणि न्यायला कोणी आलं नाही, म्हणजे ती आता त्यांचीच. अल्तारावरून काढून कृष्णाबाईंना नेऊन दे, आणि त्यांना मिस्साला बोलाव. माझ्याजवळ बसतील. नथूदादांवरही मी रागावलेय हे त्यांना आधीच सांग, मागाहून वाईट वाटायला नको. थोडे दिवस रागावेन, मग बरी होईन.

एक विचारायचं राहिलं. वादळ तीन दिवस होतं, तो त्यातल्या कुठल्या दिवशी गेला हे आम्हाला कधी कळलं नाही. क्रूसावर तारीख घालावी लागेल. कृष्णाबाईंना विचार, नथूदादांना काटा लागून घरी आणलं तो दिवस कोणता. नवरा वाचला तो दिवस त्यांना नक्की आठवत असेल. तीच तारीख घाल.

तुझी बहीण,
क्रिस्टिना